आगबोट मुक्काम करत नाई

वाच, पुन्हा वाच — हो, तेच, मघाशी वाचलं ते — 'सन एकोणीसशे बारा, मार्गशीर्ष मास, या दिवसांत समुद्र तळ्यासारखा शांत' — बस. थांब तिथंच. तळ्यासारखा म्हणते. कोण्या तळ्यासारखा? तू लोणारचं तळं पाह्यलं का? चिखलीचा हाये, पाह्यलं असशीन. तिथलं पाणी खारं अन् गप. समुद्राचं पाणी खारं हाये, तेवढं खरं. गप नाई. ज्यानं हा कागद छापला त्यानं एक तं तळं पाह्यलं नाई, नाई तं समुद्र पाह्यला नाई. बस इकडं. उभा नको राहू डोक्यावर. हा बाक माहा हाये, सकाळपासून मी बसलो हाये याच्यावर, पण बस. तुही माय बरी हाये तिकडं उन्हात, भुईमुगाच्या शेंगा फोडून राह्यली. कौशल्याबाई म्हणला ना तू? तिनं पाणी पाह्यलं कधी? पैनगंगा! पैनगंगेत उन्हाळ्यात बकऱ्या बसतात, बाप्पा.

मले काऊन इचारतं पण? मलकापूरच्या ठेसनावर एवढे लोकं हायेत. — कोणी सांगतलं? धर्मशाळेवाल्यानं? काय सांगतलं त्यानं, की पाटील द्वारकेहून आले, त्याईले बोटीचं इचार म्हणून? हं. सांगतलं असंल. त्यानं इचारलं होतं, मी नाई म्हणलो नाई. इचार मंग. मी शालिग्राम पाटील, मोताळ्याच्या खालतं, नळगंगेच्या काठी गाव आमचं. फालतू बोलायची सवय नाई मले. जे सांगीन ते एकदाच सांगीन.

या कागदावर आगबोट काढली हाये पाह्य. तीन माळे, वरतं निशाण, धूर निघून राह्यला. माणसं किती दिसतात? चार. टोपीवाले, खुर्चीवर. तू अन् तुही माय या चित्रात नाई. हे ध्यानात ठेव म्हणजे अर्धं दुखणं कमी होईन. तुमी त्याईच्या खालतं, फळ्याईवर, उघड्यावर, अन् तुमच्यासारखे ढिगानं — बोचके, पेट्या, खजुराचे पोते, कोंबड्यांच्या डालग्या, रडणारे लेकरं. ज्यानं आधी सतरंजी टाकली त्याची जागा. म्हणून चढल्या चढल्या काय करायचं? बायका समुद्राले हात जोडत उभ्या राहतात — नाई. सतरंजी टाकायची. मधात टाकायची. टोकाले नाई, टोक झोक्यासारखं वर-खाली होते. यंत्राजवळ नाई, तिथं तेलाचा वास येते अन् त्या वासानंच निम्मे लोक आडवे होतात. मायले भिंतीले टेकून बसव अन् दूर पाह्य म्हणा, जवळचं पाणी पाहू नको म्हणा. — काय खायचं? ते लिहिलं हाये ना तुह्या कागदात, 'उत्तम फराळाची सोय'. फराळ! पह्यल्या दिवशी पोटात लिंबाचं लोणचं राह्यलं तरी मिळवलं. दशम्या ने. तळलेलं काही नको. सुंठ ने, गुळात कुटून. पाणी घरचं ने, कळशीचं तोंड फडक्यानं बांधून, कारण 'गोड पाणी' म्हणतात ते पिंपातलं असते, त्याले लोखंडाचा वास येते, अन् बुढ्या बाया मंग पाणीच पीत नाई अन् चक्कर येऊन पडतात. अन् अजून एक — बायकाईचं. आडोसा एकच असते. रांग लागते. खालून समुद्र दिसते. हे मायले आधी सांगून ठेव, तिथं जाऊन समजलं तं ती तुह्यावर रागावंल, अन् तिचं बरोबर राहीन.

आता द्वारका आली म्हणजे उतरलो, असं समजू नको. काठ दिसते, पाय लागत नाई. बोट दूर उभी राहते. मंग लहान होड्या येतात, अन् खलाशी माणसाले धरून यातून त्यात देतात, आपुन पोतं उतरवतो तसं. लाट वर आली की उडी. लाट कवा वर येईन ते खलाशाले समजते, आपल्याले नाई. तो म्हणंल 'आता', तं आता. इचार करायचा नाई. तिथं उभं राहून इचार केला की माणूस — की पाय — जाऊ दे. करायचा नाई इचार.

देऊळ? — देऊळ हाये ना. मोठं हाये. वरतं धजा. — पायऱ्या? असतीन. देवळाले पायऱ्या असतातच. — देव कसा म्हणजे? देवासारखा देव. काळा. काय इचारतं बे तू, बोटीचं इचार म्हणलो ना, बोटीचं सांगून राह्यलो. ते पोतं कायले हलवून राह्यला? राहू दे बाकाखाली. — गोवऱ्या हायेत. — हाव, गोवऱ्या. — द्वारकेहून येणारा माणूस गोवऱ्या कायले आणते? आणते. कोणी आणते, कोणी नाई आणत. — तू दुकानदार हाये, नाई? तराजूकडं पाहतात तसा पाहून राह्यला माह्याकडं.

नाई गेलो. झालं? मी द्वारकेले गेलो नाई. मुंबईच्या बंदरापर्यंत गेलो, बोटीवर चढलोच नाई. बस, उठू नको. बस म्हणतो ना. बोटीचं जे सांगतलं त्यात खोटं काही नाई — तिथल्या खलाशाले इचारलं, बोटीतून उतरणाऱ्याईले इचारलं, इथं धर्मशाळेत यात्रा करून आलेले थांबतात त्याईले एकेकाले धरून इचारलं. कुठी बसतात, काय खातात, पाणी कसं, बाईमाणसानं काय करायचं. तुह्यापेक्षा जास्त गरज होती मले. माही घरची त्या बोटीवर हाये.

येकटी. म्हणजे सोबत लोकं हायेत, आमच्या शेजारच्या गावचे भगवानराव, त्याईची सत्यभामाबाई, पाच-पंधरा माणसं. पण माह्याबगर येकटीच ना. मोताळ्याच्या बाजाराच्या पलीकडं गेली नाई ती कधी. माहेरी जायची तं मी गाडी जुपायचो.

आता तुले सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तू उगंमुगं काही समजणार नाई. गेल्या साली पटकी आली आमच्याकडं. मी आडवा पडलो. मले त्यातलं काही याद नाई. निवृत्तीच्या मायनं — निवृत्ती माहा पोरगा — तिनं जवळपासच्या साऱ्या देवाईले सांगून पाह्यलं, कोणी हललं नाई, मंग दूरच्याले हाक मारली. 'द्वारकेच्या देवा, हा माणूस उठू दे, याले तुह्या पायाशी आणून टाकीन.' मी उठलो. आता तू सांग, नवस बोलली ती, अन् जायचं मी. मले इचारलं का कोणी? मी बेहोष. बैलाले इचारते का कोणी, तुले बाजारात नेऊन राह्यलो म्हणून? बरं, मी म्हणलं असतं नाई जात. म्हणलंही. वर्षभर म्हणलो. पण नवस म्हणजे देणं, अन् ते देणं कोणाच्या नावावर? तिच्या. ती फेडल्याबगर मेली तं तिच्या मागं लागंल ते. माह्या मागं असतं तं मी पाहून घेतलं असतं. रोज सांजच्याले दिवा लावते अन् पश्चिमेकडं तोंड करून काहीतरी पुटपुटते — उधारी मागणाऱ्याले जसं म्हणतात, देतो बाप्पा, देतो, थांब. मले ते पाहवे नाई. कपाशी वेचणीले आली, निवृत्ती वावर पाहीन म्हणे. म्हणलं चाल.

भगवानराव एकडाव जाऊन आलेले. मी त्याईले एकच इचारलं, मुक्काम कुठं कुठं? ते म्हणे, वाटेत बंदरं लागतात ना. मी म्हणलं झालं. आता पाह्य, तू चिखलीहून आला, राजूरचा घाट उतरला, मंग राती काय केलं? मोताळ्याले बैल सोडले असशीन. तीन दगड, चूल, भाकर, अन् गाडीखाली झोपले. केलं ना? मंग. सारी दुनिया असंच जाते. मले काय माहीत, का दुनियेत अशी एक चीज हाये, जे चालते अन् राती थांबतच नाई. — रेल्वे? रेल्वे थांबते. घडीघडी थांबते. दिवा दिसते, कोणी ओरडते, पाणी भेटते. रेल्वे जमिनीवर हाये. — म्हणून मी नळगंगेतले तीन दगड निवडले, काळे, आगीनं न फुटणारे. अन् हे गोवऱ्याईचं पोतं भरलं. समुद्राच्या काठी गोवऱ्या कोण देईन? तिले म्हणलं, रोज दिवस मावळता बोट काठाले लागंल, आपुन खाली उतरू, तू भाकर थाप, मी पाणी आणतो, सकाळी पुन्हा बसू. ती म्हणे, तुमाले ठाव. तिनं त्या हिशेबानं पीठ घेतलं. हास. हास, मी पाह्यलं तू तोंड फिरवलं ते. खलाशी तं तोंड फिरवून नाई हासले.

त्यातला एक कोकणातला होता. पोतं उचललं अन् म्हणे, बुवा, हे काय? म्हणलं, गोवऱ्या. कशाला? म्हणलं, रातच्या चुलीले. त्यानं दुसऱ्याले बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. 'अहो पाटील, बोटीवर आग नाय पेटवत!' म्हणलं, बोटीवर कोण पेटवून राह्यलं, काठावर. 'काठावर कोण सोडतो तुम्हाला? बंदरात माल चढतो, उतरतो. तुम्ही आपले बसून ऱ्हायचं.' म्हणलं, अन् राती? 'रातीची चालते.' अंधारात? वाट कशी दिसते? तं तो म्हणे — हासूनच म्हणे, वाईट माणूस नवता — 'वाटच नाय, बुवा.'

वाटच नाई. भाऊ, मी साठी गाठली. जलमभर गाडी हाकली. पुढच्या गाडीची चाकोरी असते, तिच्यात चाक घालायचं अन् बसायचं, बैलाले झोप लागली तरी गाडी घरी येते. कोणीतरी आधी गेलेलं असते. तिथं पाणी फाटते अन् बोटीच्या मागं पुन्हा मिटते. मी पाह्यलं ते, एक निघाली होती तवा. तिच्या मागं पांढरं पांढरं राह्यलं जरा वेळ, अन् मंग काहीच नाई. जशी कोणी गेलीच नाई.

फळी टाकली होती चढाले. खालतं पाणी काळं, अन् फळी आपल्या आपून हालून राह्यली. ती गेली. डोक्यावर बोचकं, लुगडं आवरून, बंधाऱ्यावरून जाते तशी गेली. पलीकडं जाऊन फिरली, म्हणे, या. मी म्हणलो, येतो. माह्या मागं एक माणूस होता घाईत, म्हणलं याले जाऊ दे. मंग एक बाई आली लेकरू घेऊन. जाऊ दे. मंग पोत्यावाले. मी बाजूले झालो. गर्दी होती भाऊ, तिथली गर्दी तुले माहीत नाई, माणूस माणसाले — नाई. गर्दी संपली होती. शेवटाले मी येकटा होतो, फळी होती, अन् तो खलाशी हात पुढं करून उभा होता. 'आता', म्हणे. मी इचार केला.

त्याईनं फळी ओढली. भोंगा वाजला. ती कठड्याले धरून उभी. अन् मी तिचं नाव घेतलं. कधी घेतलं नवतं जलमात, घरात नाई, वावरात नाई. निवृत्तीची माय म्हणायचो, त्याच्या आधी नुसतं 'ऐकलं का' म्हणायचो. तिथं साऱ्या बंदरासमोर वरडलो — 'गोजर!' म्हणलो. 'उतर!' आता भोंग्यात तिले ऐकू गेलं नाई, का ऐकू गेलं अन् उतरली नाई, हे मले माहीत नाई. तिनं हात केला. असा. ये म्हणून केला का जा म्हणून केला — इथं बसून मी करून पाहतो कधी कधी, असा, अन् असा — समजत नाई.

मंग घरी? घरी कसा जाऊ? गावानं वाजत गाजत वेशीपर्यंत पोचवलं आमाले. यात्रेहून आल्यावर गावानं पाय धुवायचे, पायाचं पाणी डोळ्याले लावायचं, मंग मावंद्याचं गावजेवण. तिथं मी येकटा जाऊन काय सांगू — बाई समुद्रावर पाठवली अन् मी फळीवरून वापस आलो? शालिग्राम पाटील? गावची राखण करणारा तराळ, त्यानं माह्यासमोर कधी मान वर केली नाई, तो हासंल. हासंल तं हासू दे. पण निवृत्ती इचारंल, माय कुठी हाये. त्याले काय सांगू? म्हणून इथं उतरलो. गावाले वाटते दोघंही द्वारकेले हाये. धर्मशाळेच्या मागं ते तीन दगड मांडले, ह्या गोवऱ्या, अन् मी भाकर करतो. भाकर म्हणतो मी तिले. कुत्रं पाहून जाते.

अन् परवाचं ऐक. निवृत्ती कापूस घेऊन आला इथं जिनात, सरकी काढाले. माहीच गाडी. मी ठेसनाबाहेर उभा, समोरून गाडी आली, मी रुईच्या गाठीईच्या मागं गेलो. पाटील माणूस, गाठीईच्या मागं, खाली बसून. पोरानं काय केलं होतं — माहा ढवळा डाव्या जोताचा बैल हाये, जलमापासून डाव्यानं चालते, त्यानं उजव्यानं जुपला होता. बैल मान टाकून, तिरपा ओढून राह्यला, खांद्याले घट्टा पडला. दिसून राह्यलं मले. दहा पावलावर. अन् मी उठू नाई शकलो. 'बेट्या, बाजू बदल' एवढं म्हणायचं होतं. बैलाले मातर समजलं. थांबला, गाठीईकडं मान वळवली, अन् हंबरला. हालेचना. पोरानं चाबूक मारला त्याले. माह्यामुळं मारला. मी तोंडावर हात ठेवून बसलो, जसं काही मीच हंबरणार होतो.

भगवानराव म्हणले होते, अवसेच्या आत वापस येऊ. अवस होऊन गेली. मुंबईची गाडी येते, मी पाहतो, लोकं उतरतात, गाडी जाते. कोणी म्हणते तिकडं वारं सुटलं, बोटी अडकल्या. कोणी म्हणते काही नाई झालं. ठेसनच्या बाबूले इचार म्हणतं? इचारलं असतं. त्याच्याजवळ तार हाये. पण तो पह्यलं काय इचारंल? कोण हाये तुमचं बोटीवर? बायको. अन् तुमी इथं कसे? — मंग? काय सांगू? खिडकीपर्यंत जातो, अन् गाडीचा टाइम इचारून वापस येतो. तो म्हणते, पाटील, टाइम तं कालचाच हाये.

ऐक. तू आज जाऊन राह्यला ना मुंबईले. बंदरावर जाशीनच. एक काम — म्हणजे, जमलं तं. नाई जमलं तं राहू दे. तिथं इचार. द्वारकेची बोट आली का म्हणून. अन् आली असंल अन् लोकं तिथंच कुठी पडले असतीन आजारी-बिमारी, तं पाह्य. हिरवं लुगडं. कपाळावर तुळशीचं गोंदण. डावा पाय जराक ओढते. उंच नाई. जास्त बोलत नाई — म्हणजे माह्यासमोर बोलत नाई. बाकी ठिकाणी बोलते का नाई, मले माहीत नाई. चाळीस साल झाले, पण हे माहीत नाई. बोटीत तिले मळमळलं असंल, उलट्या झाल्या असतीन, तं ती कोणाले सांगणार नाई, हे माहीत हाये. पाणी मागणार नाई. दुसऱ्यानं देलं तं घेईन. भेटली तं सांग, बुढा मलकापुरात हाये. घरी गेला नाई म्हणा. रागावला नाई म्हणा. — नाई, हे नको सांगू. हे तिले खरं वाटणार नाई, तिले वाटंल तू दुसऱ्याच कोणाचा निरोप आणला.

अन् तुह्या मायले ने तू. मी नाई म्हणत नाई. फक्त तो कागद वाचून दाखवू नको तिले. जे हाये ते सांग. राती थांबत नाई म्हणा. वाट नाई म्हणा. मंग म्हणली चालते, तं ने.

घंटी झाली. — बस, बस, तुही नाई. ही मुंबईहून येणारी हाये, तुही मागून येते. रोज पाहतो मी. आधी टोपीवाले उतरतात, मंग कापसाचे दलाल, आपले लोकं शेवटी. त्याईले भेव वाटते, गाडी थांबली का अजून थांबायची हाये. — तो भगवानराव हाये का? नाई, हा तं बुढा हाये कोणी. — भगवानरावच हाये. दोघं धरून उतरवून राह्यले त्याले. वाळला पार. सत्यभामाबाई मागं. त्याईच्या मागं — त्याईच्या मागं कोणी नाई. पाह्य ना तू, तुहे डोळे चांगले हायेत. डबा खाली झाला का? सांग ना. खाली झाला?

तिकडं. तिकडं पाह्य, बायकाईच्या डब्यात. खिडकीतून बोचकं देऊन राह्यली कोणाले तं. किती काळी पडली. अन् हासून राह्यली बे ती.

इकडं! — हाव, इथं. — इथंच होतो. — नाई गेलो घरी. — जेवलो. — जेवलो म्हणलं ना, रोज जेवलो, कोणी सांगतलं तुले वाळलो म्हणून. उशीर काऊन झाला? — वारं. — राती बोट उभी होती बंदरात? उभी होती? मंग उतरू देलं? — नाई देलं. हं. — भगवानरावले काय झालं? — जाता-येता आडवे? अन् तू? — काहीच नाई? जराही नाई? — त्याईचं डोकं धरून बसली तू. साऱ्याईचं. भाऊ, ऐकतं का, ही साऱ्या बोटीले पाणी पाजत फिरली म्हणते. — हा? हा चिखलीचा. मायले घेऊन चालला. बोट कशी असते इचारत होता. — मी सांगतलं त्याले. — सारं सांगतलं.

गावात मी बोलीन. तू गप राह्य. पाय तुहे धुवाचे, माहे नाई, असं सांगीन वेशीतच. — नको काऊन? काऊन नको म्हणते? — मी गेलो नाई, गोजर. देवासमोर मी नवतो. देणं तसंच राह्यलं ना. — काय म्हणली तू देवाले? — 'आणला', म्हणली? — 'तुह्या आंगणाच्या कडेपर्यंत आणला, पुढं सारं पाणी तुहं, माणूस अडेल हाये, तुले पाहिजे तं तू ये पुढं.' — देवाले असं बोलली? पुजारी काय म्हणला? — हासला? अन् दंडाले काय झालं, काऊन झाकून राह्यली? दाखव. — हे पाह्य भाऊ, हे तुह्या मायलेही सांगून ठेव, द्वारकेले गेलेल्याच्या दंडावर शंख-चक्राची छाप मारतात, तांब्याचा शिक्का तापवून. जलमभर जात नाई. लाल हाये अजून. दुखते? — तूप लावायचं होतं. — अन् तो दंड? त्याच्यावर कायले? एका माणसाले एकच मारतात ना. दोनडाव काऊन भाजून घेतलं तू? हा तुहा. अन् हा कोणाचा? —

माहा?

जाय भाऊ तू आता, तुह्या मायजवळ जाय. नवस फिटला, म्हणते.